हरकत ना?

"‘ब्लॉकर’ हा शब्द मला या बैठकीत पुन्हा ऐकायचा नाही," राजोपाध्येसर म्हणाले. "आपण मराठीचं काम करतो. मराठी शब्द सुचवा."

झालं. सगळे लागले कामाला. प्रा. खांबेटे म्हणाले, "प्रकाशनरोधक." कुणीतरी म्हणालं, "खोडा." खोडा हा शब्द शिष्टसंमत नाही, असं खांबेट्यांचं मत पडलं. मग "गतिरोधक" आला, पण तो रस्त्यावर आधीच पडलेला असतो म्हणून बाद झाला. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"अहो, दार आतून अडवायला पूर्वी काय घालायचे? अडसर. तोच घाला आणि मोकळे व्हा!"

"वा, घैसासबाई!" सर म्हणाले, आणि इतिवृत्तात तो शब्द स्वतःच्या नावावर लिहून घेतला.

हे ‘बोलकी’चं कार्यकारी मंडळ. बोलकी म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. फुकट आणि खुलं, म्हणजे आतली सगळी रचना लोकांसमोर उघडी. कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं, चूक सापडली तर प्रकल्पाच्या पानावर मांडावी. चुका रगड असायच्या. बहुतेक पुढच्या खेपेला सुधारल्या तरी चालायच्या. पण एखादी अशी असते की ती निस्तरल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर सोडणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. ती अडसर. असे अडसर किती उरलेत, कुणाकडे अडलेत, कधी सुटतील, यावर डोळा ठेवणं हे माझं काम. पोटासाठी मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत असे, आणि रविवारी हौसेनं हेच. हौस कसली, खाज!

राजोपाध्येसर प्रकल्पाचे प्रमुख. कुठल्याशा संस्थेचे निवृत्त संचालक. सॉफ्टवेअरची एक ओळ त्यांनी जन्मात लिहिली नव्हती, त्याचं मला काही नाही. पण बोलकी त्यांनी कधी ऐकलीसुद्धा नव्हती. "मला दिसतं ना, मी वाचतो," असं ते हसत सांगत, आणि बाकीचेही हसत.

लोकशाहीचं मात्र त्यांना फार वेड. त्याच बैठकीत त्यांनी एक नियम मंजूर करून घेतला: ज्यानं अडसर घातला त्यानंच तो काढायचा. मंडळालाही तो काढता येणार नाही. "हा प्रकल्प वापरणाऱ्यांचा आहे," सर म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण नियम खरोखरच चांगला होता.

दोन-शून्य आवृत्तीचं लोकार्पण मंत्र्यांच्या हस्ते ठरलं. पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘आता दुप्पट वेगाने बोलणार!’ हा दुप्पट वेग आफताब नदाफनं बसवला होता. सोलापूरचा मुलगा, कामात वाघ, बैठकीत शेळी. त्यानं युक्ती अशी केली होती की बोलण्यात जिथे जिथे शांतता येते ती कापून टाकायची. आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

ते सापडलं इस्लामपूरच्या भगवान कुऱ्हाड्याला.

कुऱ्हाडे जन्मांध. वकिलीची पदवी होती, पण अशिलं फिरकत नव्हती, म्हणून सरकारी भरतीच्या मागे लागला होता. वयाच्या अटीमुळे ती खेप त्याची शेवटची. स्वभावानं विंचू, आणि आवाज असा की भोंग्याशिवाय सभा गाजवावी. त्याचा फोन आला की मी तो कानापासून लांब धरायची.

"बाई, तुमची बोलकी ‘नाही’ खातीया!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! वाक्य असलं तर ‘नाही’ ठणठणीत म्हणतीया. प्रश्न असला की शेवटचा ‘ही’ गिळतीया. आता हे ऐका." त्यानं फोन संगणकाशी धरला. बोलकीचा गोड बायकी आवाज आला: "खालीलपैकी कोणते विधान बरोबर ना?"

"लिहिलंय काय?"

"तेच तर! लिहिलंय ‘बरोबर नाही’ आणि प्रश्नचिन्ह. परीक्षेत निम्मे प्रश्न असलेच असत्यात, बाई. कोणतं विधान बरोबर नाही, कोणता जिल्हा किनाऱ्यावर नाही. मी चुकीचं शोधायचं का बरोबर?"

मी आफताबला विचारलं. त्यानं लगेच शोधून काढलं. प्रश्नात आवाज वर चढतो, तिथे शेवटचा ‘ही’ म्हणजे नुसता श्वास उरतो. त्याच्या युक्तीला तो श्वास शांतता वाटला. कापला. ‘नाही?’चं ‘ना?’ झालं, आणि नकाराचा झाला होकार.

कुऱ्हाड्यानं पानावर अडसर घातला. परीक्षा लोकार्पणानंतर पंधरवड्यानं होती, आणि परीक्षा केंद्रांवर बोलकीची जी सगळ्यात नवी आवृत्ती असेल तीच बसवत. म्हणजे ही चूक बाहेर पडली तर थेट त्याच्या पेपरात जाणार होती. हे सगळं मी पुढच्या बैठकीत मांडलं.

खांबेट्यांनी डोळे मिटले. ते अक्कल पाजळणार असले की डोळे मिटत.

"मुळात ही चूक आहे का? ‘ना’ हासुद्धा मराठीत नकारच. ‘ना हरकत दाखला’ आपण म्हणतोच. संस्कृत ‘न’पासून..."

"प्राध्यापक," मी म्हटलं, "मी तुम्हाला ‘तुम्ही जेवलात ना?’ असं विचारलं तर तुम्ही काय समजाल? उपाशी?"

"तो वेगळा ‘ना’."

"मग परीक्षेला बसलेल्या माणसानं कुठला धरायचा?"

"संदर्भावरून कळतं." डोळे अजून मिटलेलेच.

राजोपाध्येसरांनी हात वर केला. "आफताब, उपाय काय?"

"सर, वेगाची युक्ती या खेपेला बंद ठेवू. नाहीतर नीट करायला थोडे दिवस द्या."

"वेग पत्रिकेवर छापलाय," सर म्हणाले. त्या माणसाच्या तोंडावर खरंच असा भाव होता की पत्रिका ही निसर्गाची गोष्ट आहे, पुरासारखी, तिच्यापुढे कोण काय करणार. आफताबनं मान खाली घातली. मी नियमाची आठवण दिली: अडसर कुऱ्हाड्याचा आहे, तोच काढील. सर म्हणाले, "अर्थातच. मी स्वतः त्यांच्याशी बोलेन."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोनच दिवसांनी कुऱ्हाड्याचा फोन. मी फोन लांब धरला, पण स्वारी चक्क खुशीत होती.

"बाई, तुमच्या सरांना मी उगाच शिव्या देत होतो. माणूस शहाणा निघाला की!"

"काय झालं?"

"पानावर स्वतः लिहून विचारलं त्यांनी. या लोकार्पणाला तुमची हरकत ना, म्हणून. मी लिहिलं, हो. वर धन्यवाद म्हटलं हो मला! विरोध केला म्हणून धन्यवाद म्हणणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला."

"तुम्ही कुठल्या आवृत्तीत ऐकलंत हे?"

"नव्या. दोन-शून्यात. तपासायला तीच बसवलीया न्हवं का."

मी पान उघडलं. सरांनी लिहिलं होतं: ‘आदरणीय कुऱ्हाडेजी, लोकार्पणास आपली काही हरकत नाही?’ खाली कुऱ्हाड्याचं उत्तर: ‘हो.’ त्याखाली सरांचं: ‘धन्यवाद.’ आणि अडसर बंद. वर हिरव्या रंगात मिरवत होतं, ‘अडसर शून्य’.

मी ते त्याला अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं अशी एक शिवी दिली की ती मी इथे लिहिणार नाही.

"बाई, ज्या खोडीची तक्रार, तिनंच माझी तक्रार खाल्ली. परीक्षेच्या प्रश्नाला कान देऊन ऐकतो, साध्या निरोपात ध्यानातच आलं नाही!"

"मी अडसर परत घालते."

"घाला. आणि त्यांना म्हणावं, कान असतील तर ऐका एकदा."

मी अडसर परत घातला. तासाभरात कुणीतरी तो काढला. मी पुन्हा घातला. मग पानावर माझं नाव टाकलं की ‘आपणास ही परवानगी नाही’ असं यायला लागलं. तेही शुद्ध मराठीत. भाषेच्या बाबतीत आमचं मंडळ कधी कमी पडलं नाही.

लोकार्पणाच्या आदल्या दिवशीच्या बैठकीला मी लॅपटॉप घेऊन गेले. कुणाला नमस्कार-चमत्कार न करता सरांचा तो निरोप मी बोलकीला वाचायला लावला. गोड आवाजात ती म्हणाली, "लोकार्पणास आपली काही हरकत ना?"

"ऐकलंत? कुऱ्हाड्यांनी हे ऐकलं, आणि हरकत आहे म्हणून हो म्हटलं. तुम्ही उलटं समजलात."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला क्षणभर वाटलं, कळलं यांना. कसलं काय!

"उच्चार काय स्वच्छ आहे!" खांबेटे म्हणाले.

"घैसासबाई," सर अगदी शांतपणे म्हणाले, "त्यांनी हो लिहिलंय. लेखी. आपण लेखी मजकुरावर चालणार की कुणाच्या ऐकण्यावर?"

"सर, हे सॉफ्टवेअर ऐकण्यासाठीच आहे!"

"आवाज चढवू नका."

"चढवते! त्या माणसाची शेवटची परीक्षा आहे. त्याला ही खोड माहीत आहे, तो सांभाळून घेईल. पण बाकीच्यांचं काय? निदान पानावर सूचना तरी टाका, परीक्षावाल्यांना कळवा."

"लोकार्पणाच्या तोंडावर? वातावरण बिघडेल." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या आवृत्तीत बघू. तर मग, उद्याच्या कार्यक्रमाला कुणाची हरकत नाही?"

"नाही, नाही," चारी बाजूंनी आलं. आफताब मूग गिळून बसला होता. मी म्हटलं, "माझी आहे." इतिवृत्तात ‘एकमताने’ असं लिहिलं गेलं.

परीक्षावाल्यांना मी स्वतः पत्र पाठवलं. उत्तर आलं, आणि ते लवकर आलं याचंच मला आश्चर्य वाटलं: ‘सदर सॉफ्टवेअरमध्ये कोणताही अडसर नसल्याचे निर्मात्यांनी कळवले आहे.’ माझाच शब्द. चांगला पुरून उरला मला.

परीक्षेच्या दिवशी कुऱ्हाडे सकाळच्या एसटीनं पुण्यात आला. मी त्याला स्वारगेटवरून केंद्रावर नेलं. वाटेत त्यानं माझ्याकडून शंभरदा वदवून घेतलं, ‘ना म्हणजे नाही’. मजेत होता. मी त्याला म्हटलं, "तुमचा तर उलट फायदाच आहे. बाकीचे चुकतील, तुम्ही वर जाल."

"तेबी खरंच की," तो म्हणाला, आणि काठी आपटत आत गेला.

तळमजल्यावर, खिडक्या रस्त्याकडे, अशी ती खोली होती. अंध उमेदवार सगळे तिथेच, कानाला हेडफोन. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि वर्तमानपत्र उघडलं. पेपर सुरू होऊन फार वेळ झाला नसेल. खिडकीतून एक मुलगी म्हणताना ऐकू आली, "सर, याची तीन-तीन उत्तरं बरोबर येतात. प्रश्न चुकलाय का?" पर्यवेक्षक म्हणाला, "आवाज येतोय ना? मग सोडवा." मुलगी म्हणाली, "पण सर..." आणि तो म्हणाला, "बोलायचं नाही."

मग कुऱ्हाड्याचा आवाज. आधी खालच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या मानानं. "साहेब, सॉफ्टवेअरमध्ये खोड आहे. सगळ्यांना सांगून टाका." पर्यवेक्षक काहीतरी म्हणाला. कुऱ्हाडे म्हणाला, "मग मी सांगू का?" पर्यवेक्षक म्हणाला, "तुम्ही खाली बसा. एक शब्द बोललात तर बाहेर काढीन."

मी उठून खिडकीशी गेले. बस रे बाबा, मी मनात म्हणत होते, बस खाली, मुकाट्यानं सोडव आणि ये बाहेर.

त्यानं टेबलावर काठी हाणली. पहिल्यांदा हाणली, दुसऱ्यांदा हाणली, तेव्हा सगळ्यांनी हेडफोन काढले.

"ऐका सगळे! प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ आलं तर ते ‘नाही’ समजा! बरोबर ना म्हणजे बरोबर नाही! मागचे सगळे प्रश्न परत बघा! ना म्हणजे नाही!"

टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या. आत खुर्च्या सरकल्या, कुणीतरी "आई गं" म्हणालं, आणि मग एकदम सगळ्यांची बोटं कळफलकावर खडखडायला लागली. पर्यवेक्षक ओरडत होता, त्याला कुणी विचारत नव्हतं.

दोन शिपायांनी दंड धरून कुऱ्हाड्याला बाहेर आणलं. परीक्षेत व्यत्यय, इतर उमेदवारांना उत्तरं पुरवणं, असं काय काय लिहून त्याच्याकडून अंगठा मागत होते. "सही येते मला," तो गुरगुरला, आणि सही करून दिली. त्याचा पेपर रद्द झाला. त्याची शेवटची खेप होती, ती अशी संपली.

मी त्याच्यापुढे उभी होते आणि मला रडू आवरेना. राग, दुसरं काय. त्या पर्यवेक्षकाचा, राजोपाध्यांचा, त्या मिटलेल्या डोळ्यांचा, आणि खरं सांगायचं तर याचाही.

"कशाला उठलात हो? कशाला? तुम्हाला येत होतं ना सगळं?"

"येत होतं की," तो म्हणाला. "चहा पाजताय का तसंच उभं ठेवताय?"

टपरीवर तो दोन कप चहा प्याला आणि परतीच्या एसटीत बसला.

वेगाची ती युक्ती आफताबनं पुढच्याच आठवड्यात एका दुपारी दुरुस्त केली. एका दुपारी! नव्या आवृत्तीच्या माहितीत सरांनी लिहिलं, ‘काही किरकोळ सुधारणा’. पुढे त्यांना बोलकीसाठी एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. भाषणात ते म्हणाले म्हणे, की हा प्रकल्प वापरणाऱ्यांचा आहे, आणि आम्ही त्यांचा आवाज ऐकला. मी गेले नव्हते. बोलकीचं काम मी तेव्हाच सोडलं होतं. त्यांच्यात बसून चहा पिण्यापेक्षा रविवारी झोपलेलं काय वाईट!

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कुऱ्हाडे इस्लामपूरच्या कोर्टात वकिली करतो. अशिलं फिरकतात आता. समोरचा वकील बोलत असला तरी ऐकू याचाच येतो, असं तिथले लोक सांगतात. दिवाळीला त्याचा फोन असतो. मागच्या दिवाळीला मी त्याला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"कुऱ्हाडे, त्या दिवशी उठलात, त्याचा कधी पश्चात्ताप होत नाही?"

"होतो की! न व्हायला काय झालं?" तो ओरडला, आणि मी फोन लांब धरला. "लई होतो. त्या खोलीतली चार-पाच जणं लागली नोकरीला. एका लेकाचा साधा फोन नाही आला मला. सरकारी घरं मिळाली त्यांना, आणि मी अजून भाड्याच्यात."

"मग आज असतात तिथे, तर?"

"उठलो असतो. पण बाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका खाली आला की मला फोन कानाशी लावावा लागला, "आधी माझा पेपर सोडवून घेतला असता."